पिल्लू आणलंत, आता खायला काय?

पिल्लू आलं. नाव ठेवून झालं, स्टेटसला फोटो टाकून झाले, इन्स्टावर त्याचं वेगळं अकाउंटही निघालं. आता त्याला खायला काय घालायचं? गोवंडीत या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाकडे तयार असतं. आजी म्हणते दूध-पोळी. नाक्यावरचा मटणवाला म्हणतो, संध्याकाळी ये, तुकडे बांधून ठेवतो. पेट शॉपवाला उघड्या पोत्यात डाव घालत सांगतो, सगळे हेच नेतात. आणि रील सांगते की धान्य म्हणजे कुत्र्यासाठी विष, ‘ग्रेन-फ्री’च घ्या.

यातल्या एकानेही पिल्लाचं वजन विचारलेलं नसतं.

पशुवैद्याकडे गेलात की उलटं होतं. काय द्यायचं हे सांगण्याआधी डॉक्टर तुमचीच उलटतपासणी घेतात. वय किती? मोठं होऊन केवढं होणार? नसबंदी झालीय का? शी घट्ट होते की पातळ? अंग खाजवतं का? घरात कोण कोण त्याला काय काय भरवतं? या शेवटच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या. बाबा गुपचूप देतात ती बिस्किटंही त्यात धरा.

मग डॉक्टर कुत्र्याच्या फासळ्यांवरून हात फिरवतात. याला बॉडी कंडिशन स्कोअर म्हणतात. तो १ ते ९ असा मोजतात आणि ४-५ हा ठीकठाक. घरी करून बघायचं असेल तर सोपं आहे. आधी स्वतःच्या हातावरून बोट फिरवा. मूठ वळल्यावर बोटांची हाडं लागतात तशा फासळ्या लागल्या तर कुत्रा बारीक आहे. हात सरळ ठेवून त्याच्या पाठीवरून बोट फिरवल्यावर लागतं तसं लागलं तर मस्त. आणि तळहाताच्या गादीसारखं लागलं तर लाड जास्त झालेत.

वजन कळलं की हिशेब जमतो. नसबंदी झालेल्या १५ किलोच्या मोठ्या इंडी कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी पुरतात. वरच्या खाऊचा वाटा त्यातला १० टक्के, म्हणजे ८५ कॅलरी. एका छोट्या ग्लुकोज बिस्किटात २५च्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे दिवसाला तीन बिस्किटं. चहाच्या टपरीवर आपण अख्खा पुडा फोडतो तो कुठे बसतो ते बघा.

आता रीलवाल्यांचं. कुत्रा म्हणजे घरातला लांडगा, म्हणून त्याला फक्त मांस, हे ऐकायला भारी वाटतं. पण २०१३मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या संशोधनाने दाखवलं की माणसासोबत राहता राहता कुत्र्यात पिष्ट पचवणारी जनुकं लांडग्यापेक्षा कितीतरी वाढलीत. शिजवलेला भात त्याला पचतो, पोळीही पचते. उलट धान्याऐवजी वाटाणे-मसूर भरलेल्या काही ग्रेन-फ्री खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने २०१८मध्ये सुरू केली. ठोस निष्कर्ष निघाला नाही. पण जे धान्य बहुतेक कुत्र्यांना चालतं ते टाळण्यासाठी जास्त पैसे मोजायचे कशाला? खरी ॲलर्जी असेल तर ती डॉक्टरना ठरवू द्या.

आजीच्या दूध-पोळीने कोणी लगेच मरत नाही. दुधातली साखर न पचून बऱ्याच कुत्र्यांचं पोट मात्र बिघडतं, आणि वाढीला लागणारं बरंच काही तिच्यात नसतं.

मटणवाल्याच्या पिशवीबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण ती आपल्याकडची खास गोष्ट आहे. देवनारचा महापालिकेचा कत्तलखाना १९७१पासून शेजारी आहे आणि गल्लोगल्ली मटणाची दुकानं आहेत. फुप्फुसं, वजडी, कलेजीचे तुकडे स्वस्तात किंवा फुकट मिळतात आणि कुत्री त्यावर तुटून पडतात. प्रोटीन म्हणून हे वाईट नाही. धोका आहे तो कच्चं घालण्यात. शेळ्या-मेंढ्या आणि म्हशींच्या फुप्फुसांत, यकृतात कधी कधी पाण्याने भरलेल्या गाठी असतात. त्यांना हायडेटिड सिस्ट म्हणतात. अशी गाठ कुत्र्याने कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे पट्टकृमी वाढतात. कुत्रा ठणठणीत दिसतो, उड्या मारतो, तुमचं तोंड चाटतो. त्याच्या शीतून कृमींची अंडी बाहेर पडतात, ती मातीत जातात, केसांना चिकटतात आणि तिथून आपल्या हातावर, तोंडात. मग तशीच गाठ माणसाच्या यकृतात किंवा फुप्फुसात वाढायला लागते. वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही आणि लागतो तेव्हा अनेकदा शस्त्रक्रियाच करावी लागते. चाळीत, दहा बाय दहाच्या खोलीत, लहान भावंडं आणि कुत्रा एकाच चटईवर झोपतात, तिथे ही गोष्ट पुस्तकातली राहत नाही.

म्हणून पिशवी घ्या, पण तुकडे अर्धा तास खळखळून उकळल्याशिवाय देऊ नका. गाठ दिसली तर तो तुकडा उकळूनही देऊ नका आणि उघड्यावर फेकूही नका, गल्लीतली कुत्री तो खातातच. आणि डॉक्टरना स्पष्ट सांगा, ‘हा कच्चं मटण खायचा.’ कारण जंताचं कुठलंही औषध या कृमीवर चालत नाही, प्राझिक्वांटेल असलेलंच लागतं. तुम्ही बोललाच नाहीत तर त्यांना कळणार कसं?

घरी शिजवून घालायचं ठरवलंत तर तेही चालतं. भात, चिकन, लाल भोपळा, गाजर, मीठ-मसाला नाही. फक्त ‘चिकन-भात घालतो की, अजून काय हवं?’ इथे गाडी अडकते. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं. महिनोन् महिने नुसतं तेवढंच मिळालं तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. पिल्लाचे पाय वाकतात, उडी मारताना हाड मोडू शकतं. उपाय म्हणून मेडिकलमधून कॅल्शियमचं सिरप आणून स्वतःच सुरू करू नका. मोठ्या जातीचं पिल्लू, म्हणजे लॅब, जर्मन शेफर्ड, आधीच पपी फूड खात असेल तर वरचं जास्तीचं कॅल्शियम त्याच्या हाडांची वाढ बिघडवतं. किती द्यायचं ते वजन आणि जेवण बघून डॉक्टर ठरवतात.

उरलेली बिर्याणी मात्र नाही म्हणजे नाही. कांदा-लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवल्यानेही फरक पडत नाही. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा त्रास द्यायला पुरतो. पाच किलोच्या पिल्लासाठी तो एक मध्यम कांदा झाला. मनुका, चॉकलेट, झायलिटॉल असलेलं शुगर-फ्री च्युइंगगम हेही त्याच यादीत. शिजवलेली हाडंही नकोत, त्यांच्या टोकदार कपच्या होतात.

पाकीट घ्यायचं असेल तर पुढचं चित्र सोडा, मागची बाजू वाचा. ‘कम्प्लीट’ लिहिलंय का? ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणजे तोंडी लावणं, जेवण नाही. पिल्लासाठी आहे की मोठ्यासाठी? प्रोटीनचा आकडा बघताना पाणी वजा करा. ग्रेव्हीच्या पाऊचवर ८ टक्के आणि कोरड्या खाद्यावर २२ टक्के दिसलं तर पाऊच भंगार वाटतं. पण पाऊचमध्ये ८० टक्के पाणी धरलं तर उरलेल्या २० भागांत ८ भाग प्रोटीन, म्हणजे ४० टक्के. कोरड्यात १० टक्के पाणी धरलं तर हिशेब साधारण २४ टक्क्यांवर येतो.

सुटं खाद्य टाळाच. उघड्या पोत्यातल्या मालाला ना बॅच नंबर ना एक्स्पायरी, त्यातलं तेल खवट होतं आणि पावसाळ्यात बुरशी धरते. बुरशीचं विष यकृतावर जातं.

खर्चाचं म्हणाल तर पाकिटाची किंमत बघून उपयोग नाही, दिवसाची बघा. समजा किलोला ४०० रुपये आणि रोज लागतं २४० ग्रॅम, तर दिवसाला ९६ रुपये, महिन्याला जवळजवळ २९००. पॉकेटमनीत हे बसत नसेल तर डॉक्टरना बजेट आधीच सांगा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. अर्धं पाकीट, अर्धं घरचं असाही तक्ता ते बसवून देतात. आणि क्लिनिकच्या कपाटातलंच पाकीट पुढे आलं तर ‘हेच का?’ असं विचारा. चांगल्या डॉक्टरकडे त्याचं कारण असतं.

खाद्य बदलताना सात ते दहा दिवस घ्या. आधी पाव भाग नवीन, मग अर्धा, मग पाऊण. एका रात्रीत बदललंत तर सकाळी फरशी तुम्हालाच पुसायचीय. चार महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला तीन-चार वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा.

जवळ क्लिनिक नसेल तर परळला १८८६पासूनचं पशुवैद्यक महाविद्यालय आहे आणि त्याच आवारात बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय २०२४मध्ये सुरू झालं. रिक्षा सायनच्या पुढे जात नाही, तेव्हा टॅक्सीचे पैसे धरून निघा. सोबत पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो, आठवडाभर काय खाल्लं त्याची मोबाईलमधली नोंद आणि तुमच्या घरात जो त्याला सगळ्यात जास्त भरवतो तो माणूस, एवढं न्या.

महिन्याने पुन्हा वजन करा. आधी काट्यावर एकटे उभे राहा, मग त्याला उचलून घेऊन, आणि वजाबाकी करा. इंडी आठ-नऊ महिन्यांचा झाला की उचलून घ्यायला तयार होत नाही, तेव्हा क्लिनिकचाच काटा गाठा.