फ्रिजमधला हिवाळा

पेअर आडवा कापला की मधोमध पाच पाकळ्यांची चांदणी दिसते. प्रत्येक पाकळीत दोन बियांची जागा, म्हणजे एका फळात जास्तीत जास्त दहा. पण दहाच्या दहा क्वचितच भरतात. काही चपट्या, पोचट निघतात, चिमटीत धरल्या तर कागदासारख्या दुमडतात. भरलेली बी काळपट तपकिरी, टपोरी, एका टोकाला निमुळती असते, आणि इतकी गुळगुळीत की ओल्या बोटांतून निसटून थेट सिंकमध्ये जाते. गेली नऊ वर्षं दर ऑक्टोबरात मी या बिया गोळा करते आहे.

मी राहते मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनच्या उत्तरेला. मूळची रत्नागिरीकडची. बी रुजत घालणं ही आमच्या घरात नवी गोष्ट नव्हती. पावसाच्या तोंडावर आजोबा रायवळच्या कोयी मातीत मांडायचे. दहा-पंधरा दिवसांत तांबूस, लुसलुशीत पानांची रोपं वर यायची. आजोबा तो कोवळा दांडा कोयीपासून चार बोटांवर छाटत, मधोमध चीर देत, हापूसच्या काडीचं टोक पाचरीसारखं तासून त्या चिरेत बसवत आणि प्लास्टिकच्या पट्टीनं आवळून बांधत. पट्ट्या कापून देणं हे माझं काम. कोय फार दिवस ठेवायची नाही, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं बसलं होतं. ओलावा गेला की कोय मेली. आंबा खाल्ला की थोड्याच दिवसांत ती मातीत गेली पाहिजे.

म्हणून इथे पहिल्या वर्षी पेअरच्या बिया मी त्याच घाईनं कुंडीत पेरल्या. खिडकीत ठेवल्या, ऊब दिली, पाणी दिलं. दोन महिने काही म्हणता काही झालं नाही. उकरून पाहिलं तर बिया जशाच्या तशा, टणक आणि चकचकीत. त्या मेलेल्या नव्हत्या, थंडीची वाट बघत होत्या.

पेअर हे कडक हिवाळ्याच्या मुलखातलं झाड. शरद ऋतूत फळ गळून पडतं. तेव्हाच बी रुजली तर पुढच्या बर्फात कोंब जळून जाईल. म्हणून बीच्या आत रुजणं रोखून धरणारी द्रव्यं असतात, आणि ओलसर थंडीत काही आठवडे काढल्यावरच त्यांचा जोर ओसरतो. कोयीला थांबता येत नाही. पेअरच्या बीला थांबल्याशिवाय उगवता येत नाही. हे उमगलं त्या दिवशी मी आईला फोन केला. ती म्हणाली, "अगं, मग त्यांना हिवाळा दे की!"

हिवाळा फ्रिजमध्येच देता येतो. बियांवरचा चिकट गर चोळून धुवायचा. तो राहिला तर बुरशी धरतेच. मग वाटीभर पाण्यात टाकायच्या आणि तरंगतात त्या काढून टाकायच्या. कागदी रुमाल ओला करून घट्ट पिळायचा, इतका की पुन्हा दाबल्यावर थेंब पडू नये. त्यात बिया एकमेकींना न चिकटतील अशा पसरायच्या, घडी घालून पिशवीत सरकवायच्या. पिशवीवर जात आणि तारीख लिहायची. माझी पिशवी भाजीच्या कप्प्यात कढीपत्त्याशेजारी असते. तापमान 4 अंशांच्या आसपास, मुदत 60 ते 90 दिवस. दर पंधरवड्याला उघडून बघायचं, बुरशी दिसली तर बी धुवायची, कागद बदलायचा. एका वर्षी घरी पाहुणे आले होते. कुणीतरी फ्रिज आवरताना कुजकं काहीतरी समजून पिशवी फेकून दिली. तेव्हापासून पिशवीवर मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे "टाकू नये" असं लिहिलेलं असतं.

जानेवारीच्या शेवटी एखाद्या सकाळी घडी उघडावी आणि बीच्या निमुळत्या टोकाला तांदळाच्या कणीएवढं पांढरं काहीतरी दिसावं. ते मूळ. बाहेर दोन फूट बर्फ, रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी घरघरते आहे, आणि फ्रिजच्या कप्प्यात हे चाललेलं. मी हे कितीतरी वेळा पाहिलं आहे, तरी दर वेळी हातातलं काम टाकून घरातल्या सगळ्यांना बोलावते.

मुळाला हात लावायचा नाही. बी चिमट्यानं उचलायची आणि मूळ खाली करून ठेवायची. कुंडी खोल हवी, कारण सोटमूळ पानांच्या कितीतरी आधी खाली धावतं. मी दुधाचे उंच खोके वापरते, तळाला भोकं पाडून. पहिली दोन पानं जाड, लांबट गोल असतात. ती बीमधलीच बीजपत्रं. त्यानंतरचं पान खरं पेअरचं: कडा बारीक दातेरी, वरून तुकतुकीत. या दिवसांत पाणी जास्त झालं की मातीलगत देठ काळा पडतो आणि रोप आडवं होतं. माझी निम्मी रोपं सुरुवातीला अशीच गेली. माती वरून कोरडी दिसेपर्यंत पाणी न घालणं हे कोकणातल्या माणसाला शिकायला वेळ लागतो.

लोक विचारतात, हा पेअर कुठला? दुकानातून आणलेल्या बार्टलेटचं बी आहे, म्हणजे बार्टलेटच येणार ना? नाही येणार. बार्टलेटच्या फुलाला स्वतःच्या जातीचे पराग बहुधा चालत नाहीत, दुसऱ्या जातीचं झाड जवळ लागतं. त्यामुळे बीचा बाप दुसऱ्या जातीचा, आणि प्रत्येक रोप म्हणजे या जगात पहिल्यांदाच आलेलं झाड. आमच्याकडे हे सगळ्यांना ठाऊक होतं. हापूसची कोय लावली तर हापूस येत नाही, रायवळ येतो, आणि तो कसा निघेल ते फळ धरल्यावरच कळतं.

पण बार्टलेट तरी आला कुठून? तोही कधीतरी एक निनावी रोपच होता. 1770च्या सुमारास इंग्लंडमध्ये बर्कशायरमधल्या ऑल्डरमास्टन गावी एका शाळामास्तरांच्या बागेत तो मिळाला. विल्यम्स नावाच्या रोपवाटिकावाल्यानं त्याची कलमं करून पसरवली, म्हणून तिकडे तो आजही विल्यम्स. त्याची झाडं अमेरिकेत, बॉस्टनजवळच्या एका बागेत आली. 1817 साली ती बाग एनॉक बार्टलेट यांनी विकत घेतली. झाडाचं मूळ नाव त्यांना माहीत नव्हतं, तेव्हा ते फळ त्यांच्याच नावानं विकलं जाऊ लागलं. पुढे 1828मध्ये युरोपातून नवी झाडं आली तेव्हा कळलं की हे आणि ते एकच. तोवर नाव रुळलं होतं. आज जगात जिथे कुठे बार्टलेट आहे तिथे त्या एका रोपाचीच काडी आहे, हातोहात बांधत आलेली. बेल्जियममध्ये व्हॅन मॉन्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं पेअरच्या बियांपासून 80,000च्या आसपास रोपं वाढवली आणि त्यातून शेकडो जाती निवडल्या. ज्यांना त्यानं नाकारलं त्या हजारो झाडांचा विचार माझ्या मनात येतो. त्यांनाही फळं धरली असतील.

आपला पेरू हा शब्द पोर्तुगीज 'पेरा'वरून आला असं मानतात, म्हणजे या पेअरवरूनच. गोव्यात तर पेरूला पेरच म्हणतात. दोन झाडांचं कूळ वेगळं, पण समुद्रावरून आलेल्या माणसांना आपल्या घरचं फळ आठवलं असणार. दातांखाली येणारी ती बारीक रवाळ कचकच दोन्हींत असते, ती दगडासारख्या कठीण झालेल्या पेशींची. पेअर चावताना मला आमच्या विहिरीकडच्या पेरूची आठवण येते.

आमच्या घरापासून फार लांब नाही, डॅनव्हर्स गावात एक पेअरचं झाड आहे. वसाहतीचे गव्हर्नर जॉन एंडिकॉट यांनी ते 1632 ते 1649च्या दरम्यान लावलं, असं सांगतात. उत्तर अमेरिकेतलं लागवडीचं सर्वांत जुनं जिवंत फळझाड. म्हणजे ते लागलं तेव्हा शिवाजी महाराज लहान होते, नाहीतर त्यांनी नुकताच तोरणा घेतला होता. 1964 साली कुणीतरी रात्री येऊन त्याच्या फांद्या करवतीनं कापल्या, खोडाचा खुंट तेवढा उरला. त्या खुंटाला पुन्हा फुटवे आले. त्याच्या काड्यांपासून केलेलं झाड ओरेगॉनमधल्या कोर्व्हॅलिसच्या सरकारी फळझाड संग्रहातही जपलेलं आहे. मी मेमध्ये गेले होते. कुंपणाबाहेरून दिसतं ते वाकलेलं, दोन-तीन ठिकाणी पोकळ झालेलं एक झाड, आणि त्यावर ताजी पांढरी फुलं. भव्य वगैरे काही नाही. मी तिथे तासभर उभी होते.

माझ्या रोपांपैकी आज अंगणात पाच आहेत. पहिल्या हिवाळ्यात कुंड्या गॅरेजमध्ये ठेवल्या, दुसऱ्या वर्षी जमिनीत लावली. बर्फाखालून उंदीर येऊन खोडाची साल गोल कुरतडतात, तशी दोन झाडं गेली. आता प्रत्येक बुंध्याभोवती बारीक तारेची जाळी असते. एका जूनमध्ये एका झाडाचा शेंडा आकड्यासारखा वाकला, पानं भाजल्यासारखी काळी पडली आणि तशीच फांदीला लटकून राहिली. हा या भागातला पेअरचा मोठा रोग, जिवाणूचा. जळक्या भागाखाली हातभर चांगली फांदी धरून कापावं लागतं, आणि प्रत्येक काप झाल्यावर कात्री स्पिरिटनं पुसावी लागते. मी कापत गेले, रोग खाली उतरत गेला, शेवटी झाड मुळापासून काढलं. त्या दिवशी मी जेवले नाही.

पाचांपैकी तिघांवर मी कलम केलं. फेब्रुवारीत ओळखीच्यांच्या झाडावरून सेकेल जातीच्या काड्या आणल्या, ओल्या कागदात गुंडाळून त्याच फ्रिजमध्ये ठेवल्या, आणि एप्रिलच्या शेवटी खुंटावरचे डोळे फुगायला लागले तेव्हा बांधल्या. सालीखालची हिरवी रेष दोन्हीकडची एकाला एक भिडली पाहिजे, निदान एका बाजूनं तरी. पहिल्या वर्षी तिन्ही सुकली. दुसऱ्या वर्षी आईला व्हिडिओवर धरून बसवलं. तिनं आजोबांचे हात बघितले होते. "तुझा काप लाटेसारखा आलाय," ती म्हणाली, "सुरी एकाच ओढीत पुढे ने, कुरतडू नकोस." दोन धरली.

उरलेल्या दोन झाडांना मी हात लावलेला नाही, आणि लावणारही नाही. घरचे म्हणतात, चांगल्या जातीची काडी बांध, फळ तरी मिळेल. त्यांचं बरोबर आहे. पण सगळीच झाडं ओळखीच्या फळांची केली तर नवं काही कधी येणार? दोघांना जागा आहे तोवर दोघांना त्यांच्या मनासारखं वाढू द्यायचं, असं मी ठरवलं आहे. फळ तुरट निघालं तर मुरंबा होईल.

यातल्या मोठ्या झाडाचं हे आठवं वर्ष. बीपासून आलेल्या पेअरला लहानपणी काटे असतात, बोटभर लांब आणि टोकदार. माझ्या दोन्ही मनगटांवर त्यांच्या खुणा आहेत. झाड वयात येऊ लागलं की वरच्या नव्या फांद्या बिनकाट्याच्या येतात. खालचे काटे तसेच राहतात. मार्चमध्ये बर्फ वितळत असताना मी शिडी लावून वर चढले. माथ्याजवळच्या एका आखूड फांदीवर काटा नव्हता. तिच्या टोकाशी तीन डोळे होते. पानाचा डोळा बारीक, टोकदार, फांदीला चिकटून असतो. हे तीन गोलसर होते, हरभऱ्याएवढे, खवले जरा सैल पडलेले. अंगठ्यानं अलगद दाबून पाहिलं. भरीव होते.

इथे मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दंव पडतं. जुन्या दोन चादरी काढून जिन्याखाली ठेवल्या आहेत, आणि रात्री झोपण्यापूर्वी दाराबाहेरच्या थर्मामीटरवर टॉर्च मारून बघते.