मातीचे खाते

बँकेत होतो तेव्हा पीककर्जाचे दोन भाग असत. एक रोखीचा, दुसरा वस्तुरूप. म्हणजे खत, बियाणे आणि कीटकनाशक. देवणी-उदगीर भागातल्या कितीतरी अर्जांवर मी सह्या केल्या. कर्ज फिटले की खाते बंद. पण शेतात पडलेल्या औषधाचे खाते कधी बंद होते, हा प्रश्न नोकरीत असेपर्यंत मला पडला नाही.

तो पडला एका जुन्या खातेदारामुळे. देवणीजवळच्या आपल्या शिवारात त्यांनी सोयाबीनचे रोप उपटून माझ्या हातात दिले. "साहेब, गाठीच न्हाईत बघा." मुळांवर रायझोबियम जिवाणूंच्या गाठी हव्या होत्या. हवेतला नत्र पिकाला मिळतो तो त्यांच्यामुळे. कामाची गाठ नखाने फोडली तर आतून गुलाबी निघते. इथे तशा दोन-तीनच सापडल्या. चौकशी केली तेव्हा कळले, पेरणीच्या घाईत बुरशीनाशक, कीटकनाशक आणि जिवाणू संवर्धक एकाच घमेल्यात कालवले होते. खरे तर आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक आणि पेरणीच्या तोंडावर सर्वांत शेवटी जिवाणू, असा क्रम असतो. विकत आणलेले बरेचसे जिवाणू घमेल्यातच मेले असणार.

ही एका दिवसाची चूक झाली. वर्षानुवर्षे मातीत राहणाऱ्या अवशेषांचा हिशेब वेगळा आहे. औषधाचे प्रमाण निम्मे व्हायला जो काळ लागतो, त्याला शास्त्रज्ञ अर्धायुष्य म्हणतात. काही औषधांचे ते काही दिवसांचे असते, तर इमिडाक्लोप्रिडचे काही जमिनींत वर्षाहूनही अधिक भरते. जुनी बाकी फिटण्याआधीच नव्या हंगामाची उचल होते.

शिवाय मूळ औषध मोडले म्हणजे विष संपले असेही नाही. एंडोसल्फानचे मातीत एंडोसल्फान सल्फेट होते. ते मूळ औषधाइतकेच विषारी आणि त्याहून टिकाऊ. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एंडोसल्फानवर बंदी घातली. वाळवी-हुमणीसाठी वापरतात ते क्लोरपायरिफॉस मोडल्यावर जो पदार्थ उरतो, तो जिवाणूंनाच मारक असतो. म्हणजे विष पचवणाऱ्यांवरच घाला.

कारण मातीतले विष मोडण्याचे मोठे काम जिवाणूंचेच. एन. सेतुनाथन आणि टी. योशिदा यांनी १९७३ साली फिलिपिन्समधल्या भातशेतीतून डायझिनॉन आणि पॅराथिऑन मोडणारा एक जिवाणू वेगळा केल्याचे जाहीर केले. या गुणाला दुसरी बाजूही आहे. जिवाणू एखादे औषध खायला सरावले, की मातीत घातलेले ते औषध किडीपर्यंत पोहोचण्याआधीच संपते. मग शेतकरी मात्रा वाढवतो. जे जिवाणू सरावत नाहीत ते मागे पडतात. अशा मातीत जिवाणूंची एकूण संख्या तेवढीच दिसेल, पण त्यांतले नत्राचे काम करणारे कमी झालेले असतील.

या जिवाणूंना हवी असते ओल आणि कुजलेला पाला-शेण. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि त्यांचे काम मंदावते. राहिले शेणखत. ज्या गावाने एका गोवंशाला नाव दिले, वानेरा, बाळंक्या, शेवरा अशा देवणी जनावरांसाठी जे ओळखले जाते, तिथे आज दावणी रिकाम्या आहेत. बैल गेले, ट्रॅक्टर आले. त्या ट्रॅक्टरच्या कर्जांवरही माझ्या सह्या आहेत. तेव्हा परतफेडीची कुवत पाहिली. गोठ्यातून काय जाईल, हा रकाना अर्जात नव्हता.

"आता काय करावं?" त्यांनी विचारले. मी शेतीतज्ज्ञ नाही. ठाऊक होते तेवढे सांगितले: कीड मोजून मगच फवारणी करा, निंबोळी अर्क वापरून पाहा, बीजप्रक्रियेचा क्रम पाळा, शेणखत वाढवा. ते हसले. त्यांच्या गोठ्यात एकच गाय उरली आहे. पण निघताना पाहिले, तिच्या शेणाच्या गोवऱ्या थापणे त्यांनी बंद केले होते. शेण उकिरड्यावर पडत होते, शेतासाठी.