हॅमर पडतो, पण बार होत नाही

चाप ओढला, हॅमर पडल्याचा खट् असा आवाज आला आणि पुढे काहीच नाही. अमेरिकेत सुटे भाग जुळवून घरी एआर-15 धाटणीची रायफल तयार करणाऱ्या हौशी नेमबाजांना हा अनुभव बऱ्याचदा येतो. अशा वेळी दुरुस्तीचा विचार नंतर. नळी निशाण्याच्या दिशेलाच धरायची आणि निदान 30 सेकंद थांबायचं, कारण काडतूस कधीकधी उशिरा पेटतं. काडतूस आत कोंडून धरणारा बोल्ट घाईने उघडला आणि बार तेव्हाच झाला, तर पितळेचे तुकडे थेट तोंडावर येतात.

स्वतःच्या वापरापुरती रायफल बनवायला तिथला केंद्रीय कायदा सहसा आडकाठी करत नाही. काही राज्यांचे नियम मात्र कडक आहेत. आपल्याकडे 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय शस्त्र बनवणं हा गुन्हा आहे. तरीही हे बिघाडशास्त्र समजून घेण्याजोगं आहे, कारण सगळा खेळ जेमतेम साडेचार मिलिमीटर व्यासाच्या एका वाटीत चालतो.

ही वाटी म्हणजे प्रायमर, काडतुसाच्या बुडाशी बसवलेली. तिच्यात लेड स्टिफनेटसारख्या संवेदनशील रसायनाचा पातळ थर असतो आणि त्याच्या पुढे पत्र्याची छोटी ऐरण. हॅमरच्या ठोक्याने फायरिंग पिन वाटीला पोचा पाडते, ते रसायन पोचा आणि ऐरण यांच्यात चिरडलं जातं आणि ठिणगी मुख्य दारूपर्यंत जाते. दिवाळीत दगडाने ठेचलेली टिकली याच न्यायाने फुटते. ठोक्याने पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मगुरूने 1807 मध्ये घेतलं. तो पक्ष्यांची शिकार करायचा आणि चकमकीच्या बंदुकीचा भडका दिसताच पक्षी उडून जात, ही त्याची अडचण.

ठोका हलका पडला हे कसं ओळखायचं? न उडालेलं काडतूस बाहेर काढून त्याचं बूड उजेडात धरायचं. पोचा उथळ असेल तर ठोक्याचा जोर कुठेतरी वाया गेला आहे. पोचा चांगला खोल असूनही बार झाला नसेल, तर संशय काडतुसावर. माझ्या मते हे निरीक्षण सोडून सरळ नवे भाग मागवणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

घरच्या जुळणीत पहिला संशयित हॅमरची स्प्रिंग. तिचे दोन्ही पाय ट्रिगरच्या पिनवर टेकले पाहिजेत. ती उलटी बसली तरी रायफल जुळते, हॅमरही पडतो, पण त्यात दम नसतो. दुसरं कारण हौसेचं: चाप हलका लागावा म्हणून कमी ताकदीची स्प्रिंग घालतात आणि त्या मऊपणाची किंमत ठोका मोजतो. बोल्ट पूर्ण मिटला नसेल, तर हॅमरचा बराचसा जोर तो मिटवण्यातच खर्च होतो. फायरिंग पिनच्या भोकात साचलेलं घट्ट वंगणही तिला अडवतं. घरी भरलेल्या काडतुसात प्रायमर खोल बसला नसेल, तर पहिला ठोका त्याला नुसता आत ढकलतो. तेच काडतूस दुसऱ्या ठोक्याला उडालं, तर कारण बहुधा हेच. बोल्ट आणि काडतुसाच्या बुडामध्ये जास्त जागा राहिली, तरीही ठोका हलका पडतो; ती जागा खास गेजनेच मोजावी लागते, आणि ते काम जाणत्या गनस्मिथकडेच द्यावं.

मग सरळ जास्त ताकदीची स्प्रिंग आणि मऊ प्रायमर का वापरू नयेत? कारण या रचनेत फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट वेगाने मिटताना ती स्वतःच्या वजनाने पुढे येते आणि प्रायमरवर बारीकशी खूण उमटवते. प्रायमर फार हळवा असला, तर चापाला हात न लावताच बार होऊ शकतो. म्हणून लष्करी काडतुसांचे प्रायमर मुद्दाम कठीण ठेवतात. हलक्या स्प्रिंगवर नेमकी तीच काडतुसं रुसतात, आणि मऊ प्रायमरची दुसऱ्या बनावटीची काडतुसं मात्र बिनतक्रार उडतात. त्यामुळे स्प्रिंग बदलल्यावर चाचणी घ्यायची ती आधी रुसलेल्या बनावटीच्याच काडतुसांवर, आणि प्रत्येक रिकाम्या पुंगळीवरचा पोचा पुन्हा उजेडात पाहायचा.