मोटारीच्या दिव्यात पाणी कोठून येते?

पुण्याहून पौडकडे जाताना पिरंगुटच्या पुढे कासार आंबोली हे गाव लागते. हाच रस्ता पुढे ताम्हिणी घाटातून कोकणात उतरतो. पावसाळ्यात या भागात पाऊस आणि धुके यांचेच राज्य असते. अशा दिवसांत सकाळी एखाद्या जुन्या मोटारीचे पुढचे दिवे निरखून पाहा. काच बाहेरून पुसली तरी कधी कधी ती धूसरच राहते, कारण पाणी आतल्या बाजूला असते. बंद दिव्यात हे पाणी शिरले कसे?

आधी एक प्रयोग करा. स्टीलच्या पेल्यात बर्फाचे पाणी ठेवा. थोड्याच वेळात पेल्यावर बाहेरून थेंब जमतील. हे पाणी पेल्यातून झिरपलेले नसते. ते हवेतील बाष्पाचे असते. एक घनमीटर हवेत ३० अंश सेल्सिअस तापमानाला सुमारे ३० ग्रॅम बाष्प मावते. २० अंशांना सुमारे १७ ग्रॅमच मावते. म्हणून दमट हवा निवली की जादा बाष्पाचे पाणी होते. उर्दूत आपण ज्याला शबनम म्हणतो, ते दवही असेच तयार होते.

दिव्यातही हेच घडते. दिवा लागला की आतली हवा तापते, प्रसरण पावते आणि थोडी बाहेर जाते. त्यासाठी अनेक दिव्यांना बारीक छिद्र ठेवलेले असते. दिवा बंद केल्यावर आतली हवा निवते, आकुंचन पावते आणि बाहेरची दमट हवा आत येते. गार काचेवर तिचे दव होते. दिवा लावल्यावर ते उडून गेले तर काळजी नको. पण थेंब ओघळत असतील किंवा तळाशी पाणी साचत असेल, तर कोठेतरी फट आहे असे समजावे.

हा दोष लहान नाही. थेंबांमुळे प्रकाश विखुरतो. घाटातील वळणावर चालकाला रस्ता नीट दिसत नाही आणि समोरून येणाऱ्याचे डोळे मात्र दिपतात. शिवाय आतील परावर्तकाचा चकाकता मुलामा खराब होतो.

दुरुस्ती जाणत्या माणसाबरोबरच करावी. प्रथम दिवा थंड होऊ द्यावा आणि बॅटरीची ऋण तार काढावी. मागचे रबरी झाकण काढून बल्ब बाहेर घ्यावा. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. बोटाच्या तेलकटपणामुळे तो लवकर निकामी होतो. मग दिवा उन्हात पूर्ण वाळवावा. परावर्तक कापडाने घासू नये. रबर फाटले असेल तर नवे बसवावे. काचेच्या कडेची फट सिलिकॉनच्या लुकणाने बुजवावी. काच तडकली असेल किंवा परावर्तक काळा पडला असेल, तर दिवाच बदलावा.

काही जण घाईने ते बारीक छिद्रही बुजवतात. मग आत राहिलेल्या ओलाव्याला बाहेर पडायला वाट उरत नाही. मित्रांनो, हे लक्षात ठेवा : नुसते पाणी पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. पाण्याची वाट बंद करावी, पण हवेची वाट मोकळी ठेवावी.