रशियन शेतकऱ्याची न्याहारी आणि आपली चूल

रोवणीच्या दिवसांत पहाटे बांधीवर जाणाऱ्या बायामाणसांच्या डोक्यावर पूर्वी आंबिलीचें मडकें असे. हल्लीं पुष्कळ ठिकाणीं त्याच्या जागीं चहाचा थर्मास व बिस्किटांचा पुडा दिसतो. घोटभर गोड चहा पिऊन दुपारपर्यंत गुडघाभर चिखलांत ओणवें राहून पऱ्हे लावणें किती अवघड आहे, तें ज्यानें केलें त्यासच ठाऊक. आंबील कां सुटली, असें विचारलें तर उत्तर बहुधा एकच मिळतें, "ती जुन्या लोकांची, गरिबाची." ही समजूत कितपत खरी आहे हें पाहण्यासाठीं आज आम्ही वाचकांस जरा दूरच्या स्वयंपाकघरांत नेणार आहों. तें घर आहे रशियन शेतकऱ्याचें. त्याची न्याहारी, त्याचा पाव व त्याचे निरामिष पदार्थ आम्हीं आपल्या चुलीवर, होतां होईल तों आपल्याच धान्यांनीं करून पाहिले. त्यांत जें साधलें आणि जें फसलें, तें दोन्ही येथें सांगतों.

प्रथम त्या देशाच्या पेऱ्याकडे पाहूं. रशियाच्या मध्य व उत्तर भागांत वर्षांतील कित्येक महिने जमीन बर्फाखालीं असते. तेथें पूर्वी गव्हाचा भरंवसा नसे. म्हणून हलक्या जमिनींत व कडक थंडींत तग धरणारें राय हें धान्य पावासाठीं, आणि ओट, कुट्टू व प्शोनो हीं धान्यें शिजवून खाण्यासाठीं, अशी तेथील शेतकऱ्याची वांटणी असे. यांतील प्शोनो म्हणजे आपल्या वरई-कुटकीच्याच कुळांतील एका गवताचें सडलेलें बीं होय. "श्ची दा काशा, पीश्चा नाशा" अशी त्यांची एक म्हण आहे. कोबीचें सार आणि भरड धान्याची काशा, हेंच आमचें अन्न, असा तिचा अर्थ. शिवाय तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथांत वर्षांतून सुमारें २०० दिवस उपवासाचे मानलेले आहेत. त्या दिवशीं मांस, अंडीं व दूधदुभतें वर्ज्य असतें. थंड देशांतील लोक केवळ मांसावर जगतात ही आपली कल्पना, म्हणून, रशियन शेतकऱ्यापुरती तरी बरोबर नाहीं. त्याच्या घरांत निरामिष स्वयंपाकाची परंपरा मोठी आहे.

रशियन मनुष्यानें आपलें ताट पाहिल्याचा दाखलाही जुना आहे. त्वेर गांवचा अफनासी निकितीन नांवाचा व्यापारी सन १४६९ च्या सुमारास समुद्रमार्गें आपल्या चौल बंदरांत उतरला, पावसाळ्यांत दोन महिने जुन्नरास राहिला व पुढें बिदरास गेला. भात, तूप घातलेली खिचडी आणि तऱ्हेतऱ्हेच्या पालेभाज्या हें येथील लोकांचें अन्न, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. जवळचीं धर्मपुस्तकें वाटेंत लुटलीं गेल्यामुळें आपल्या सणांचे व उपवासांचे दिवस कळेनात, याचें त्यास फार दुःख होई. परक्या मुलुखांतही काय खावें व केव्हां खाऊं नये याची त्यास चिंता होती, ही गोष्ट आपल्या वाचकांस ओळखीची वाटेल.

आतां पदार्थांकडे वळूं. पहिला किसेल. आज रशियांत फळांच्या रसाचा दाट गोड किसेल अधिक दिसतो, परंतु जुना किसेल ओटचा आणि आंबट. भरडलेले ओट कोमट पाण्यांत रात्रभर भिजवून आंबवावयाचे, गाळून सत्त्व काढावयाचें व तें दाट होईपर्यंत शिजवावयाचें. ही आपली आंबीलच नव्हे काय? या किसेलाची एक कथा जुन्या रशियन बखरींत सन ९९७ खालीं दिली आहे. कीव्हजवळच्या बेल्गोरोद गांवास पेचेनेग टोळ्यांनीं वेढा दिला होता. अन्न संपत आलें व लोक शरण जाण्याच्या बेतांत आले. तेव्हां एका म्हाताऱ्यानें घरोघरचे ओट, गहूं व कोंडा मूठमूठ जमवून बायकांकडून किसेलाचें पातळ आंबवण करविलें, विहिरीसारखा खड्डा खणवून त्यांत तें भरलेलें पिंप पुरलें, आणि शत्रूच्या लोकांस बोलावून त्यांच्यादेखत त्यांतून काढून, शिजवून त्यांस खाऊं घातलें. "आम्हांस जमीनच पोसते, तुम्ही दहा वर्षे बसलांत तरी काय होणार?" असें ऐकून शत्रु वेढा उठवून निघून गेला, असें बखरकार सांगतो. कथा खरी असो वा रचलेली, एका राष्ट्रानें आपल्या आंबिलीस इतिहासांत मानाची जागा दिली, हें विसरण्यासारखें नाहीं.

आपल्याकडे हा किसेल असा करावा. ज्वारीचें किंवा नाचणीचें भरड पीठ १ वाटी घेऊन ४ वाट्या कोमट पाण्यांत कालवावें व त्यांत आदल्या दिवसाचें आंबवण किंवा ताक २ चमचे घालावें. मडक्यावर फडकें बांधावें. चैत्र-वैशाखांत ८ तासांत, तर पौषांत दीड दिवसांत आंबट वास येऊं लागतो. नंतर गाळून, मीठ घालून, मंद जाळावर सतत ढवळीत शिजवावें. रशियन मनुष्य तो थंड करून उपवासास तेलाबरोबर व एरव्हीं दुधाबरोबर खातो. आम्हांस तो ताक व भाजलेल्या जिऱ्याबरोबर अधिक रुचला.

दुसरी काशा. तिचें सारें रहस्य शिजविण्यापेक्षां मुरविण्यांत आहे. रशियन घरांतील भट्टी मोठी, विटांची असते. सकाळीं पाव भाजून झाल्यावर तिच्या उरलेल्या ऊबेंत काशेचें मातीचें भांडें कित्येक तास ठेवून देतात. आपल्या चुलींतील निखारेही स्वयंपाकानंतर असेच वायां जातात. सडलेली कुटकी, वरई किंवा कोदो १ वाटी घेऊन दोन-तीन पाण्यांनीं धुवावी, कोरडी करून लोखंडी कढईंत मंद भाजावी, जाड बुडाच्या गंजांत अडीच वाट्या उकळतें पाणी व चिमूटभर मीठ घालून शिजवावी. पाणी आटतांच झांकण ठेवून गंज निखाऱ्यांवर तासभर राहूं द्यावा. दाणा मोकळा पण मऊ होतो. वरून तूप घालावें. मुलांसाठीं करावयाची असल्यास आरंभींच लाल भोपळ्याच्या, म्हणजे आपल्या भागांतील कोहळ्याच्या, बारीक फोडी १ वाटी घालून दुधांत शिजवावी व थोडा गूळ घालावा. भोपळ्याची प्शोनो-काशा रशियांत घरोघर आवडीची आहे.

येथें एक सूचना अवश्य ध्यानांत ठेवावी. कापणीच्या वेळीं पावसांत भिजलेला किंवा बुरशी धरलेला कोदो कधींही खाऊं नये व जनावरांसही घालूं नये. त्यानें घेरी येते, उलट्या होतात, अंग थरथरतें. सन २०२४ च्या ऑक्टोबरांत मध्यप्रदेशांतील बांधवगडच्या जंगलांत १० हत्ती मेले, तेही असा बुरशीनें विषारी झालेला कोदो मोठ्या प्रमाणांत खाल्ल्यामुळें, असें तपासणींत आढळलें. दोष धान्याचा नाहीं, वाळवणीचा आहे. चांगला वाळवून कोरड्या जागीं ठेविलेला कोदो निर्धोक असतो.

तिसरा पाव, आणि येथेंच आमची फजिती झाली. रायचा काळा पाव आंबवणावर फुगवितात, एवढें वाचून आम्हीं निव्वळ ज्वारीचें पीठ आंबवून त्याचा गोळा भाजला. जी वीट निघाली ती अखेर बैलांपुढें गेली, आणि त्यांनींही ती विचार करूनच खाल्ली. पुढें कारण उमगलें. गव्हांत एक चिवट द्रव्य असतें, तें फुगणारी हवा धरून ठेवतें. ज्वारी, नाचणी व तांदूळ यांत तें नसतें. रायमध्यें तें फार दुबळें असतें, पण रायचा दुसरा एक बुळबुळीत अंश पाणी धरून ठेवतो, आणि आंबटपणामुळें पिठांतील सत्त्वाचें पाणी होत नाहीं. म्हणून रायच्या पावास आंबवण ही केवळ चव नसून गरज आहे. राय आपल्या बाजारांत मिळत नाहीं, तेव्हां हुबेहूब तोच पाव आपल्या घरीं होणार नाहीं, हें मोकळेपणानें सांगितलें पाहिजे. पण त्याच्या जवळचा होतो.

त्याची कृति अशी. मूठभर कणीक तितक्याच पाण्यांत कालवून झांकून ठेवावी. रोज निम्मी काढून टाकून नवी कणीक व पाणी घालावें. तीन-चार दिवसांत ती फसफसूं लागते. मग जाड कणीक ६०० ग्रॅम, नाचणीचें पीठ २०० ग्रॅम, हें आंबवण १ मोठी वाटी, मीठ ३ लहान चमचे व सुमारें अर्धा लिटर पाणी, लागेल तसें, घेऊन सैल गोळा मळावा व ४-५ तास झांकून ठेवावा. रशियन गृहिणी पूर्वी पाव कोबीच्या किंवा ओकच्या पानांवर ठेवून भट्टींत सारीत. आपण पळसाचीं पानें घ्यावीं. पानांत गुंडाळून गोवरीच्या आरांत भाजलेले पानगे ज्यांनीं खाल्ले आहेत, त्यांस या पावाचा वास परका वाटणार नाहीं. जाड लोखंडी भांड्यांत पानांवर गोळा ठेवून झांकण घालावें, खालीं थोडे व झांकणावर अधिक निखारे ठेवून तासभर भाजावें. तळाशीं टिचकी मारली असतां पोकळ आवाज आला म्हणजे झाला. मात्र गरम कापूं नये, पुरता निवूं द्यावा. हा पाव तीन-चार दिवस टिकतो.

याच आंबवणाचे ब्लिनी होतात. ब्लिनी म्हणजे तव्यावरील पातळ धिरडीं. मोठ्या उपवासापूर्वी मास्लेनित्सा नांवाचा आठवडाभर सण असतो, त्यांत तीं घरोघर होतात. कुट्टूच्या पिठाऐवजीं आपल्याकडे कणीक व तांदळाचें पीठ समभाग घेऊन रात्रीं भिजवावें. उपवासाच्या दिवसांत वाटाण्याचाही किसेल करीत. भाजलेल्या वाटाण्याचें पीठ पाण्यांत घोटून, थापून, निवल्यावर वड्या पाडावयाच्या व तेल आणि तळलेला कांदा घालून खावयाच्या. आपल्या पाटवडीची ती दूरची बहीणच होय.

भाज्यांत मुख्य कोबी. माघांत कोबीचा भाव इतका उतरतो कीं, तोडणीची मजुरीही सुटत नाहीं. रशियन शेतकरी तो चिरून, १ किलोस २० ते २५ ग्रॅम मीठ चोळून, सुटलेल्या पाण्यांत बुडेल असा दडपून बरणींत आंबवितो. आपल्या थंडीच्या दिवसांत तो चार-पांच दिवसांत तयार होतो. पुढें थंड जागीं ठेवावा. आपल्या भागाचा उन्हाळा कडक, तेव्हां फाल्गुनानंतर हा उद्योग करूं नये. या आंबट कोबीचें बटाटा व गाजर घालून केलेलें सार म्हणजे श्ची. उपवासाच्या श्चीमध्यें ते वाळलेली अळंबी घालतात. आपल्या जंगलांतही पावसाळ्यांत वारुळांजवळ अळंबी उगवते व बाजारांत मोलानें विकली जाते. परंतु रशियांत काय किंवा आपल्याकडे काय, नियम एकच, ज्यास पक्की ओळख आहे अशा जाणत्या माणसानें निवडलेलीच अळंबी घरांत आणावी. शंका आल्यास टाकून द्यावी.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. हें सर्व करून पाहिल्यावर आमच्या ध्यानांत आलें तें इतकेंच कीं, आम्हीं नवें असें फार थोडें शिकलों. आंबवणें, निखाऱ्यावर मुरविणें, पानांवर भाजणें, भरड धान्य व रानभाजी यांवर घर चालविणें, हें सारें आपल्या आजीस ठाऊक होतें. माडिया-गोंड बांधवांच्या घरची पेज, ज्यास ते जावा म्हणतात, याच विद्येची आहे. फरक आहे तो मानाचा. रशियांत पाहुण्याचें स्वागत पाव व मीठ पुढें करून करतात, त्या रीतीस ख्लेब-सोल म्हणतात, आणि आदरातिथ्यासही तेंच नांव आहे. आपण मात्र पाहुणा दिसतांच आंबिलीचें मडकें आड सारतों व दुकानांतून पुडा आणवितों.

भाताविरुद्ध आमचें कांहीं म्हणणें नाहीं. जुन्या चांदा जिल्ह्यांतून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली वेगळा झाला, तरी दोन्हीकडे धान हाच जीव आहे. नागभीड तालुक्यांतील नांदेड येथील दादाजी खोब्रागडे यांनीं आपल्या बांधींतील निराळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून एच्. एम्. टी. हें वाण सिद्ध केलें. शेतकऱ्याची नजर बीं कसें राखते, याचें तें उदाहरण आहे. तीच नजर आपण कोदो-कुटकीकडे कां वळवूं नये? संयुक्त राष्ट्रसंघानें सन २०२३ हें भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. पण ज्या वाणाचें बीं घरांतून एकदां गेलें, तें कोणत्याही वर्षाच्या घोषणेनें परत येत नाहीं. खाणारें तोंड असेल तरच पेरणारा हात राहतो.

म्हणून वाचकांस विनंति इतकीच कीं, येत्या खरिपांत उंचवट्याच्या हलक्या जमिनीचा एक तुकडा कुटकीस किंवा नाचणीस द्यावा, घरांत आठवड्यांतून दोन सकाळीं आंबील अथवा काशा करावी, आणि रोवणीच्या बायांस बांधीवर चहा द्यावयाचा तर तो आंबिलीनंतर द्यावा. गेल्या रोवणीस आम्हीं तसें केलें. पहिल्या दिवशीं थोडें हसूं झालें. तिसऱ्या दिवशीं मडकें रिकामें परत आलें, व चौथ्या दिवशीं एका वृद्ध मजूरबाईनें सांगून पाठविलें कीं, उद्यां जरा मोठें मडकें आणा.