पॅकेज, पगार आणि हप्ता: मेकॅनिकलच्या पदवीचा हिशेब

सीईटीचा निकाल लागला की नात्यातली, शेजारची मुलं आईवडिलांना घेऊन घरी येतात. कॉलेज कुठलं मिळेल हा पहिला प्रश्न, बँक कर्ज देईल का हा दुसरा. बँक बहुधा देते. म्हणून मी वही उघडतो आणि तिसरा प्रश्न लिहितो: नोकरीच्या पहिल्या वर्षी दर महिन्याला हातात किती पडणार आणि त्यातून हप्ता किती जाणार? मेकॅनिकलला जाणाऱ्यांनी तर कॅपचा, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेचा, पर्याय अर्ज भरायच्या आधीच हे गणित मांडावं, असं मला कळकळीने वाटतं. या शाखेत पगार उशिरा चढतो आणि कर्ज मात्र सुरुवातीलाच सगळ्यात जास्त दाबतं.

एक उदाहरण घेऊ. खाजगी कॉलेजची फी वर्षाला सव्वा लाख, वसतिगृह, मेस आणि पुस्तकं मिळून ७५ हजार. चार वर्षांचे झाले ८ लाख. त्यातले २ लाख घरचे, ६ लाख बँकेचे. बँक ही रक्कम एकदम देत नाही, दरवर्षी दीड लाख थेट कॉलेजच्या खात्यात भरते. व्याजदर सोयीसाठी १० टक्के धरू.

‘शिक्षण संपेपर्यंत काही भरायचं नाही’ हे वाक्य इथे घात करतं. भरायचं नसतं हे खरं, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. अभ्यासक्रमाची चार वर्षं आणि पुढचं एक वर्ष हा मोरेटोरियमचा काळ. या काळात व्याज सरळ पद्धतीने लागतं आणि हप्ते सुरू होताना मुद्दलात मिळवलं जातं. पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचं व्याज ७५ हजार, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर ६० हजार, मग ४५, मग ३०. बेरीज २ लाख १० हजार. म्हणजे घेतले ६ लाख, पण फेड सुरू होते ८ लाख १० हजारांवरून. १० वर्षांत फेडायचं तर हप्ता सुमारे १०,७०० रुपये आणि एकूण भरणा १२ लाख ८५ हजारांच्या घरात. मुदत १५ वर्षांची घेतली तर हप्ता ८,७०० वर येतो, पण एकूण भरणा १५ लाख ६७ हजारांवर जातो.

आता पगाराकडे वळू. समजा चाकणच्या एखाद्या कारखान्यात ३ लाख ६० हजारांचं पॅकेज मिळालं. घरी सगळे १२ ने भागतात आणि ३० हजार म्हणतात. पण पॅकेज म्हणजे सीटीसी, कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च. त्यात कंपनीने भरायचा पीएफ असतो, ग्रॅच्युइटीची तरतूद असते, विम्याचा हप्ता आणि वर्षअखेरचा बोनसही असतो. मूळ पगार १५ हजार धरला तर पीएफचे १,८००, ग्रॅच्युइटीचे ७०० च्या वर, विमा आणि बोनसचे अडीच हजार एवढे आधीच बाजूला जातात. उरलेल्या २५ हजारांतून कर्मचाऱ्याच्या वाट्याचा पीएफ पुन्हा १,८००, व्यवसाय कर २००, कँटीन आणि बसचे हजारभर. बँकेत जमा होतात साधारण २२ हजार. त्यातून १०,७०० चा हप्ता गेला की ११ हजार उरतात. मोशी किंवा चाकणला तिघांत घेतलेल्या खोलीचं भाडं, मेस आणि पेट्रोल एवढ्यातच ते संपतात. गावी पाठवायला काही राहत नाही, आणि बहुतेक घरांत मुलाने काही पाठवावं अशी वाट पाहणारं कुणीतरी असतंच.

त्यातही पहिलं वर्ष अनेकांचं पगाराचं नसतंच. जीईटी (ग्रॅज्युएट इंजिनिअर ट्रेनी) म्हणून प्रशिक्षण असतं किंवा शिकाऊ उमेदवारीचं विद्यावेतन असतं. मोरेटोरियमचं जादा वर्ष नेमकं तिथे उपयोगी पडतं. पण नोकरीच सहा महिने उशिरा लागली, तर प्रशिक्षणाचे उरलेले सहा महिने आणि पहिला हप्ता एकमेकांवर येऊन आदळतात.

मेकॅनिकलची बाजू घेऊनही सांगतो. हे काम हाताला आणि डोळ्याला शिकवतं आणि त्याची किंमत सावकाश येते. तीन-चार वर्षं टूल रूममध्ये, क्वालिटीत किंवा डिझाइनला काढलेला, ड्रॉइंगमधला टॉलरन्स बघून फिक्स्चर कुठे चुकणार हे सांगू शकणारा माणूस नोकरी बदलतो तेव्हा पगारात खरी उडी दिसते. २२ हजारांचे ३५ झाले की तोच हप्ता पगाराच्या एक तृतीयांशाखाली येतो. मधली तीन वर्षं निभावणं हाच सगळा प्रश्न आहे. याच तीन वर्षांत हप्त्यापायी पोरं कोअर सोडून मिळेल ते काम धरतात, आणि चार वर्षं शिकलेलं मागे पडतं. मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून माझा सल्ला थोडा उलटा आहे: मुदत लांब घ्या, फेड लवकर करा. तरत्या व्याजदराच्या शिक्षण कर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लावता येत नाही. पहिली तीन वर्षं ८,७०० भरा. या तीन वर्षांत ३ लाख १३ हजार भरूनही मुद्दल फक्त ८२ हजारांनी उतरतं, हे आधीच मनाशी धरून ठेवा. चौथ्या वर्षापासून महिना १४ हजार भरत गेलात तर सगळं कर्ज पावणेनऊ वर्षांत संपतं आणि एकूण भरणा १२ लाख ७२ हजारांच्या आसपास राहतो. १० वर्षांच्या हप्त्यापेक्षाही हे थोडं स्वस्त पडतं. पण पगार वाढल्यावर भरणा वाढवायचं विसरलात, तर १५ लाख ६७ हजारांची वाट उघडीच आहे.

दुसरा उपाय आईवडिलांच्या हातात आहे. शिक्षण चालू असतानाच नुसतं व्याज भरत जा. पहिल्या वर्षी महिना १,२५०, दुसऱ्या वर्षी अडीच हजार, मग ३,७५०, शेवटची दोन वर्षं ५ हजार. रक्कम तीच, २ लाख १० हजार. पण फेड ६ लाखांवरून सुरू होते, १० वर्षांचा हप्ता ७,९०० च्या आसपास येतो आणि पुढचे ३ लाख ३३ हजार वाचतात. असं नियमित व्याज भरणाऱ्याला व्याजदरात एक टक्का सूट देण्याची तरतूद बँकांच्या आदर्श शिक्षण कर्ज योजनेत आहे. शाखेत ती मागून घ्यावी लागते. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर मोरेटोरियममधलं व्याज केंद्र सरकार भरण्याची योजना आहे. तिला संस्थेच्या मानांकनाची अट आहे, म्हणून कॉलेज निवडतानाच ते तपासा. आयकरातली ८०ई ची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. सुरुवातीच्या पगारावर कर लागतच नाही, त्यामुळे तिच्या भरवशावर राहू नका.

फीच कमी झाली तर सगळंच हलकं होतं. २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना कॅपमधून घेतलेल्या प्रवेशावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ‘मुलगी आणि मेकॅनिकल?’ असं म्हणणाऱ्या घरांनी निदान हा आकडा वहीत लिहावा. मुलांनाही शिष्यवृत्तीतून निम्म्या शिक्षण शुल्काचा आधार मिळतो. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला की ही सवलत जाते.

दहावीत मूल असलेल्यांना मी आणखी एक वाट दाखवतो. शासकीय तंत्रनिकेतनातली तीन वर्षांची पदविका, मग पदवीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. अकरावी-बारावी आणि चार वर्षं मिळून सहा वर्षं होतात, पदविका आणि तीन वर्षं मिळूनही सहाच. पदवीची एक वर्षाची फी मात्र वाचते. आपल्या उदाहरणात कर्ज साडेचार लाखांवर येतं, मोरेटोरियमच्या व्याजासह ५ लाख ८५ हजारांवर, आणि १० वर्षांचा हप्ता ७,७०० वर. शिवाय पदविकेनंतर थांबून काही वर्षं कमवायची मोकळीक राहते.

कॉलेज बघायला गेलात की सर्वाधिक पॅकेजचा फलक दिसतो. त्याच्याकडे पाठ करा आणि मध्यक विचारा, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना तो आकडा जाहीर करावा लागतो. पण तो सगळ्या शाखांचा मिळून असतो, आणि कॉम्प्युटरच्या पगारांमागे मेकॅनिकलचे पगार झाकले जातात. म्हणून शाखेचाच आकडा मागा: वर्गात किती मुलं होती, किती जणांना नोकरी लागली, त्यातल्या किती जणांना कारखान्यात आणि किती जणांना सॉफ्टवेअरमध्ये. तो मिळाला नाही तर दोन वर्षांपूर्वी पास झालेली चार मुलं शोधा आणि त्यांना पॅकेज विचारू नका. मागच्या महिन्याची पगाराची पावती बघायला मागा. माझा अनुभव असा आहे की मुलं ती आनंदाने दाखवतात, कारण त्यांना हे आधी कुणी विचारलेलंच नसतं. त्या पावतीतला सगळ्यात खालचा आकडा वहीत उतरवून घ्या, शेजारी हप्ता लिहा, आणि मगच पर्याय अर्जात कॉलेजांचा क्रम लावायला बसा.