नमुना आणि माल

बीडजवळच्या पाली गावावरून सोलापूर–धुळे महामार्ग जातो. रात्री मांजरसुंब्याचा घाट चढणाऱ्या दुचाकीस्वाराची सारी भिस्त समोरच्या एका दिव्यावर असते. बॅटरीला आणि दिव्याला योग्य दाबाची वीज पुरवणारा रेग्युलेटर तळहाताएवढा असतो व बहुधा राळेत बुजवलेला. तो उघडून दुरुस्त करण्याची सोय नाही. त्याचा भरवसा कारखान्यातच, तोही नियमित उत्पादन सुरू होण्यापूर्वी, पारखावा लागतो.

याच महामार्गाने उत्तरेस छत्रपती संभाजीनगर लागते. तेथे वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि सुट्या भागांच्या उद्योगांना आधार मिळाला. अनुरंग जैन यांची एन्ड्युरन्स व तरंग जैन यांची व्हॅरॉक याच नगरीत वाढल्या. व्यापारी घरातील तरुण या साखळीत उतरतो, तेव्हा त्याला प्रथम एक जुनी सवय सोडावी लागते. आडतीवर मूठभर नमुना दाखवून सौदा होतो आणि माल थोडा उतरला तर वटाव कापून प्रश्न मिटतो. येथे वटाव नाही.

निगुतीने हाताने जुळवलेले दहा नग उत्तम चालले, एवढ्यावर वाहन कंपनी समाधान मानत नाही. ‘पीपॅप’ या रूढ पद्धतीनुसार नेहमीच्याच यंत्रांवर, नेहमीच्याच कामगारांनी, नेहमीच्याच वेगाने एक ते आठ तास उत्पादन काढायचे असते. वेगळे ठरले नसेल तर सलग किमान ३०० नग. त्यांतील निवडक नग आलटून पालटून उष्ण व थंड कपाटांत ठेवले जातात, हादरवले जातात, धूळ-पाण्यात तपासले जातात. तांबे, डाख आणि फलक उष्णतेने सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. त्या ताणाने सांध्याला केसाएवढी चीर जाते. टेबलावरच्या तपासणीत ती दिसत नाही. काही महिन्यांच्या उन्हातान्हानंतर मात्र दिवा मिणमिणू लागतो.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगाव परिसरात उभ्या विद्युत स्कूटरने पेट घेतला. त्या वर्षीच्या अशा घटनांनंतर बॅटरी व तिच्या नियंत्रक यंत्रणेसाठीचे ‘एआयएस-१५६’ हे मानक कडक झाले आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले.

खरी कसोटी पैशाची असते. यंत्रे आली, भाडे सुरू झाले, कर्जाचा पहिला हप्ता तोंडावर आला आणि मंजुरी अडली, की ‘एवढा लॉट जाऊ द्या’ हे वाक्य घरातूनच येते. प्रकल्प अहवालात यंत्रांच्या किमतीला पाने मिळतात, चाचणीच्या महिन्यांना जेमतेम एक ओळ. बँकाही ती ओळ फारशी वाचत नाहीत, हे मान्य करावे लागेल. फेरचाचणीचा काळ धरून हप्त्यांची सवलत-मुदत कर्जमंजुरीपूर्वीच मागावी. नंतर तीच मागणी केली की तिला पुनर्रचनेचा वास येऊ लागतो.